व्यावसायिक चित्रकाराची रेषा : सोभा सिंग यांच्या जीवनकार्याची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत दृश्यकलेविषयी जे लेखन होते, त्यात 'कॅलेंडर आर्ट' ही संज्ञा वर्णन म्हणून क्वचितच येते. बहुतेक वेळा ती निकाल म्हणूनच येते. एखादे चित्र कॅलेंडरसारखे आहे असे म्हटले की त्याविषयी आणखी काही बोलण्याची आवश्यकता उरत नाही, असा एक संकेत समीक्षेत रूढ झालेला आहे. 'व्यावसायिक' आणि 'धंदेवाईक' या दोन शब्दांच्या अर्थांत पुष्कळ अंतर असूनही चित्रकलेच्या संदर्भात ते एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. पहिला शब्द उपजीविकेचा प्रकार सांगतो, दुसरा हेतूवर ठपका ठेवतो. उपजीविकेच्या प्रकारावरून हेतू ठरविण्याची ही घाई कितपत योग्य आहे, हा प्रश्न विचारण्यासाठी पंजाबचे चित्रकार सोभा सिंग (१९०१–१९८६) यांचे उदाहरण अत्यंत उपयुक्त ठरते.

सोभा सिंग यांनी ब्रिटिश हिंदी सैन्यात ड्राफ्ट्समन, म्हणजेच आरेखक म्हणून नोकरी केली. ती सोडल्यावर अमृतसर, लाहोर आणि दिल्ली येथे स्वतःचे स्टुडिओ चालविले. फाळणीनंतर ते कांगडा खोऱ्यातील अंद्रेट्टा या खेड्यात स्थायिक झाले. त्यांची गुरू नानकांची आणि सोहनी-महिवालाची चित्रे छापील प्रतींच्या रूपाने उत्तर भारतातील असंख्य घरांत, दुकानांत आणि वाहनांत पोहोचली. १९८३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असे असूनही आधुनिक भारतीय चित्रकलेच्या प्रचलित इतिहासांत त्यांना फारसे स्थान मिळालेले नाही. लोकमान्यता आणि समीक्षामान्यता यांतील या अंतराचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. सोभा सिंग यांच्या चित्रांचे सामर्थ्य आणि त्यांच्या मर्यादा ही दोन्ही एकाच उगमातून, म्हणजे आरेखकाच्या आणि व्यावसायिक चित्रकाराच्या शिस्तीतून आलेली आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. सैनिकी आरेखनाचा संस्कार

सोभा सिंग यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९०१ रोजी गुरदासपूर जिल्ह्यातील श्री हरगोबिंदपूर येथे झाला. त्यांचे वडील देवा सिंग हे घोडदळात होते. वयाच्या पंधराव्या वर्षी सोभा सिंग अमृतसरच्या औद्योगिक शाळेत दाखल झाले आणि तेथे त्यांनी कला व हस्तकौशल्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. एवढेच त्यांचे औपचारिक कलाशिक्षण. लाहोरची मेयो स्कूल ऑफ आर्ट ही नामांकित संस्था १८७५ पासून कार्यरत होती. परंतु कारागिराच्या वाटेने पुढे आलेल्या या तरुणाची पुढची शाळा ठरली ती लष्कराची कचेरी. ड्राफ्ट्समन म्हणून ते मेसोपोटेमियात, बगदाद येथे होते.

मेसोपोटेमियाची मोहीम महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. १९१५-१६ मध्ये कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागलेल्या सैन्याचा गाभा 'पूना डिव्हिजन' हाच होता आणि त्यात मराठा पलटणी होत्या. सातारा-कोकणातील अनेक गावांत त्या महायुद्धावर गेलेल्या माणसांची संख्या सांगणारे संगमरवरी फलक आजही भिंतींवर दिसतात. पंजाबातील गावांतही तसेच फलक आहेत. त्या मोहिमेने बंदूकधारी शिपायांबरोबर कारकून, नकाशेवाले, मिस्त्री, हमाल अशा हजारो माणसांना परक्या मुलुखात नेले. सोभा सिंग हे या दुसऱ्या वर्गातले. त्यांचा लष्करी अनुभव मुख्यतः कागद, पट्टी आणि पेन्सिलीचा होता, ही बाब त्यांच्या कलेचा विचार करताना दृष्टिआड करता येत नाही.

आरेखनाच्या कामाचे स्वरूप येथे ध्यानात घेतले पाहिजे. आरेखकाची रेषा स्वतःसाठी नसते. ती दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या ठिकाणी आणि आरेखक समोर नसताना वाचायची असते. तिच्या आधारे पूल उभारायचा असतो किंवा रस्ता काढायचा असतो. म्हणून त्या रेषेत संदिग्धतेला वाव नसतो आणि काढणाऱ्याच्या मनःस्थितीला तर मुळीच नसतो. शिवाय तिची नक्कल होणार हे आधीच ठरलेले असते. मूळ आराखडा एक आणि कामावर फिरणाऱ्या प्रती अनेक, ही त्या व्यवसायाची रीतच आहे. चित्रकाराच्या घडणीच्या वयात ही शिस्त हाताला लागली, तर तिचा परिणाम पुढे राहणे स्वाभाविक आहे. सोभा सिंग यांच्या प्रौढ चित्रांतील निश्चित बाह्यरेषा, आकृतींची स्वच्छ मांडणी आणि अर्थाची तात्काळ उकल ही वैशिष्ट्ये केवळ युरोपीय वास्तववादाच्या प्रभावाने स्पष्ट होत नाहीत. त्यामागे प्रतींसाठीच रेषा काढणाऱ्या हाताची सवयही आहे.

२. स्टुडिओ : व्यवसायाची शाळा

१९२३ मध्ये सैन्यातून परतल्यावर सोभा सिंग यांनी अमृतसरला स्टुडिओ उघडला. त्याच वर्षी बैसाखीच्या दिवशी इंदर कौर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ मध्ये ते लाहोरला आणि १९३१ मध्ये दिल्लीला गेले. १९४६ मध्ये पुन्हा लाहोरला येऊन त्यांनी अनारकली बाजारात स्टुडिओ थाटला. एका चित्रपटाचे कलादिग्दर्शन चालू असतानाच फाळणी झाली आणि नेसत्या वस्त्रांनिशी त्यांना लाहोर सोडावे लागले.

शहरांची ही यादी म्हणजे उपजीविकेचा नकाशाच आहे. त्या काळातील पंजाबात संस्थानिकांचा आश्रय ओसरत चालला होता आणि कलादालनांचे जग अद्याप उभे राहिले नव्हते. या दोहोंच्या मधल्या काळात औपचारिक शिक्षण बेताचेच असलेल्या चित्रकाराला बाजार हाच एक आश्रयदाता होता. लाहोरचेच उस्ताद अल्लाबख्श यांची वाटचाल या दृष्टीने तुलनीय आहे. पाट्या रंगविण्यापासून सुरुवात करून ते मुंबईत आले आणि कृष्णाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध झाले. पुढे पंजाबच्या ग्रामजीवनाची आणि लोककथांची त्यांनी केलेली चित्रे नावाजली गेली. एक मुसलमान चित्रकार मुंबईच्या बाजारासाठी कृष्ण रंगवितो आणि त्याच परंपरेतला एक शीख चित्रकार पुढे घराघरांत पोहोचणारा नानक रंगवितो, ही वस्तुस्थिती त्या व्यवसायाचे मोकळेपण दाखविते. स्टुडिओत गिऱ्हाइकाचा विषय येतो, चित्रकाराचा धर्म विचारला जात नाही.

महाराष्ट्रात हीच प्रक्रिया आधी आणि अधिक संघटितपणे घडली. राजा रविवर्मा यांचा मुद्रणालयाचा उद्योग १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथील ओलिओग्राफ चित्रांनी देवदेवतांना एक ठरावीक चेहरा दिला. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मासिकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंक आणि दिनदर्शिका यांतून मराठी घराची दृश्यरुची घडविली. तरीही दलाल आणि मुळगावकर यांच्याविषयी मराठीत आठवणी विपुल लिहिल्या गेल्या. त्यांच्या चित्रांची चिकित्सा त्या मानाने थोडी झाली. व्यावसायिक चित्रकाराला जिव्हाळा मिळतो, समीक्षा मिळत नाही. सोभा सिंग यांच्या वाट्यालाही हेच आले.

३. अंद्रेट्टा : दोन समवयस्क, दोन वाटा

फाळणीनंतर सोभा सिंग ज्या अंद्रेट्टा गावी आले, ते पालमपूरजवळचे तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नसलेले खेडे होते. आयरिश अभिनेत्री नोरा रिचर्ड्स तेथे आधीपासून राहत होत्या. पंजाबी नाट्यचळवळीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्यामुळे त्या खेड्यात नाटक आणि चित्रकला यांतील मंडळींची ये-जा होती. त्यांत भबेशचंद्र सन्याल हेही होते.

सन्याल आणि सोभा सिंग यांची तुलना या विषयाच्या केंद्रस्थानी आणावी लागते. दोघांचाही जन्म १९०१ मधला. दोघांनीही लाहोरात काम केले. दोघांनाही १९४७ मध्ये ते शहर सोडावे लागले. दोघांचाही अंद्रेट्ट्याशी संबंध आला. परंतु सन्याल यांनी मेयो स्कूलमध्ये अध्यापन केले होते आणि लाहोरात स्वतःची कलाशाळाही चालविली होती. फाळणीनंतर ते दिल्लीला गेले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या 'दिल्ली शिल्पी चक्र' या संघटनेच्या संस्थापकांत त्यांचे नाव अग्रभागी आहे आणि पुढे ललित कला अकादमीच्या कारभारातही त्यांनी जबाबदारी सांभाळली. म्हणजे सन्याल यांच्यामागे संस्था होत्या, सोभा सिंग यांच्यामागे छापखाने होते. इतिहास लिहिला जातो तो मुख्यतः संस्थांच्या दप्तरांतून, प्रदर्शनांच्या सूचिपत्रांतून आणि समीक्षकांच्या परिचयलेखांतून. छापखान्यातून बाहेर पडलेल्या प्रती मात्र भिंतीवर लागतात, उन्हाने विटतात आणि वर्ष संपले की काढून टाकल्या जातात. त्यांचे दप्तर कोणी ठेवत नाही.

यावरून सन्याल यांचे स्थान अवाजवी ठरत नाही. त्यांच्या चित्रांतील शोधकता निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, सोभा सिंग यांचे अनुल्लेखित राहणे हा गुणवत्तेचा निर्णय आहे की केवळ दप्तराचा अभाव? निर्णय असेल तर तो चित्रे पाहून दिला गेला पाहिजे. तसा तो फारसा दिला गेलेला नाही.

४. 'सोहनी-महिवाल' : छपाईत टिकणारे चित्र

'सोहनी-महिवाल' हे सोभा सिंग यांचे सर्वाधिक प्रसार पावलेले लौकिक विषयावरील चित्र आहे. कथा पंजाबात सर्वश्रुत आहे. कुंभाराची मुलगी सोहनी रात्री घड्याच्या आधाराने चिनाब ओलांडून महिवालाला भेटायला जाते. एके रात्री तिची नणंद भाजलेल्या घड्याच्या जागी कच्चा घडा ठेवते. तो नदीत विरघळतो. सोहनी बुडते आणि तिच्यासाठी पाण्यात उडी घेणारा महिवालही बुडतो.

एवढ्या घटनांच्या कथेतून चित्रकाराने काय निवडले? नणंदेचे कपट नाही, दोन तीरांमधले अंतर नाही, बुडण्याचा आकांतही नाही. त्याने निवडले ते दोघांचे एकमेकांना बिलगणे. पाण्यात असलेली ओलेती सोहनी आणि तिला सावरणारा महिवाल या दोन आकृती चित्राचा बहुतेक अवकाश व्यापतात. नदी आणि रात्र त्यांच्याभोवती जवळजवळ पार्श्वपडद्यासारखी राहते. प्रकाश या दोघांवरच एकवटतो. कथा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला या भेटीमागचा मृत्यू आपोआप दिसतो; कथा ठाऊक नसलेल्यालाही मीलनाचे चित्र म्हणून ते पुरते.

या निवडीत व्यावसायिक चित्रकाराचे शहाणपण आहे. चार रंगांच्या स्वस्त छपाईत सूक्ष्म छटा मरतात, दूरची आकृती धूसर होते, गर्दीची रचना गिचमिड दिसते. टिकतात त्या मोठ्या आकृती, निश्चित बाह्यरेषा, एकाच दिशेचा प्रकाश आणि मोकळी पार्श्वभूमी. सोभा सिंग यांच्या रचनेत नेमके हेच घटक आहेत. त्यांचे चित्र मूळ तैलरंगात जसे वाचता येते, तसेच हलक्या कागदावरच्या प्रतीतही वाचता येते. वाल्टर बेन्यामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयी लिहिताना मूळ कृतीभोवतीचे तेजोवलय प्रतींमुळे क्षीण होते, असा विचार मांडला होता. सोभा सिंग यांच्या बाबतीत उलट घडलेले दिसते. प्रती जितक्या वाढल्या तितके चित्राचे वलय वाढले. अंद्रेट्ट्याच्या कलादालनात मूळ चित्रे पाहायला येणारा माणूस बहुधा प्रतीची ओळख घेऊनच तेथे पोहोचतो.

मात्र याच निवडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोहनीच्या धाडसाची कथा येथे सौंदर्याच्या कथेत विरघळून जाते. लोककथेत नदी ओलांडते ती सोहनी, तेही रात्रीमागून रात्री. चित्रात ती सावरली जाणारी आहे. कर्तृत्व तिच्याकडून महिवालाकडे सरकते. घराच्या भिंतीवर लावण्याजोगे चित्र हवे असेल, तर कुटुंबाची मर्यादा ओलांडणाऱ्या स्त्रीला प्रथम सुंदर आणि नंतर शांत करावे लागते. 'हर ग्रेस, द गद्दन' या गद्दी मेंढपाळ समाजातील स्त्रीच्या चित्रातही रूपाचा गोडवा कष्टाच्या खुणांवर मात करतो. कांगड्याच्या चढणीवर कळपामागे चालणाऱ्या स्त्रीच्या जीवनातील खडतरपणा त्या चित्रात शोधावा लागतो.

५. गुरू नानकांचा चेहरा

सोभा सिंग यांच्या कार्याचे खरे वजन त्यांच्या गुरुचित्रांत आहे. १९६९ मध्ये गुरू नानकांच्या पाचशेव्या जयंतीच्या निमित्ताने त्यांनी केलेले आशीर्वादाच्या मुद्रेतील चित्र आज नानकांचे चित्र म्हणून सर्वत्र ओळखले जाते. पांढरी दाढी, वर उचललेला उजवा हात, मस्तकामागे तेजोमंडल आणि अर्धोन्मीलित डोळे. या डोळ्यांमागे शीख परंपरेतील नामखुमारीची, म्हणजे नामस्मरणाच्या अखंड धुंदीची, कल्पना आहे. प्रेक्षकाकडे पाहत असूनही पूर्णतः त्याच्याकडे न पाहणारी ही नजर हे चित्रकाराचे मोठे यश आहे. व्यक्तिचित्राचे सारे तंत्र पणाला लावून व्यक्तीपलीकडचे काही सुचविण्याचा प्रयत्न त्या नजरेत दिसतो.

येथे एक मूलभूत अडचण आहे. नानकांच्या हयातीतले (१४६९–१५३९) त्यांचे विश्वासार्ह व्यक्तिचित्र उपलब्ध नाही. जनमसाखींच्या सचित्र हस्तलिखितांत त्यांची चित्रे आहेत. 'बी-४०' या नावाने ओळखली जाणारी प्रसिद्ध जनमसाखी १७३३ मधली आहे. तेथील नानक चालतात, बसतात, संवाद करतात. ते प्रसंगातले नानक आहेत. एकोणिसाव्या शतकात लाहोर-अमृतसरच्या बाजारांत आलेल्या लाकडी ठशांच्या चित्रांतही ते बाला आणि मर्दाना यांच्या संगतीत येतात. सोभा सिंग यांनीही दिल्लीच्या संसद भवनासाठी केलेल्या चित्रफलकात नानकांबरोबर बाला-मर्दाना दाखविले. परंतु १९६९ च्या चित्रात नानक एकटे आहेत. रबाब नाही, सोबती नाही, रस्ता नाही. प्रसंग गळून चेहरा उरला, आणि तो चेहरा ओळखपत्रासारखा निश्चित झाला.

मूर्तिपूजेला स्थान नसलेल्या आणि ग्रंथालाच गुरू मानणाऱ्या परंपरेत हे घडले, हे विशेष. डब्ल्यू. एच. मॅक्लाउड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शीख लोकचित्रांवरील ग्रंथात या बाजारचित्रांची गंभीर दखल घेतली. पुढे ख्रिस्तोफर पिनी आणि काजरी जैन यांच्या अभ्यासांनी भारतीय छापील प्रतिमांचा विचार इतिहासाच्या आणि बाजारव्यवस्थेच्या अंगाने पुढे नेला. या अभ्यासांमुळे कॅलेंडर हा संशोधनाचा विषय झाला. परंतु संशोधनविषय होणे आणि कलाकृती म्हणून तपासले जाणे यांत फरक आहे. पहिल्यात चित्र पुरावा असते, दुसऱ्यात ते निर्णयाला पात्र असते.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया नवी नाही. १९३६ च्या 'संत तुकाराम' या चित्रपटानंतर विष्णुपंत पागनीस यांच्या मुद्रेत लोकांनी तुकाराम पाहिला. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातील चित्रे उपलब्ध असतानाही आज शासकीय कचेऱ्यांतून दिसणारी प्रतिमा कोल्हापूरचे जी. कांबळे यांच्या कुंचल्यातून आलेली आहे आणि कांबळे यांची घडणही चित्रपटांच्या भित्तिचित्रांच्या व्यवसायातली होती. समाज ज्यांना सर्वाधिक पूज्य मानतो, त्यांचे चेहरे व्यावसायिक चित्रकारांनी ठरविलेले असावेत आणि त्याच चित्रकारांना कलेच्या इतिहासात तळटीपेपुरतेही स्थान नसावे, ही विसंगती केवळ पंजाबची नाही.

मात्र या विजयाची किंमतही मोठी आहे. एक चेहरा सर्वमान्य झाला की इतर चेहरे चुकीचे वाटू लागतात. सोभा सिंग यांच्यानंतरची बहुतेक गुरुचित्रे त्यांच्याच नमुन्यावर बेतलेली दिसतात. जनमसाखीच्या चित्रकाराला जे कल्पनास्वातंत्र्य होते, ते आजच्या चित्रकाराला उरलेले नाही. आरेखकाची संदिग्धता टाळणारी रेषा येथे तिच्या मर्यादेला येऊन पोहोचते. पुलाच्या आराखड्यात एकच अर्थ असावा हे योग्य. संताच्या चेहऱ्याला एकच अर्थ असणे हे दारिद्र्य होय.

६. दोन मौने

सोभा सिंग यांच्या चित्रसंभारात दोन गोष्टींना केंद्रस्थान नाही, असे दिसते. सैन्यात राहिलेल्या या चित्रकाराची ख्याती रणचित्रांवर उभी नाही, आणि फाळणीत सर्वस्व गमावलेल्या या निर्वासिताची ख्याती फाळणीच्या चित्रांवरही उभी नाही. समकालीनांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. शीख इतिहासातील लढाया आणि बलिदाने यांची रक्तरंजित, तपशीलवार चित्रे कृपाल सिंग यांनी केली. सुवर्णमंदिर परिसरातील शीख संग्रहालयात त्यांची चित्रे पाहता येतात. लाहोरच्या मेयो स्कूलमध्ये शिकलेल्या सतीश गुजराल यांनी फाळणीचा आक्रोश कॅनव्हासवर आणला. सोभा सिंग यांच्या चित्रांत मात्र शांत गुरू, प्रेमी युगुल आणि पहाडी स्त्रिया येतात.

या मौनाचा अर्थ लावताना दोन सोप्या उत्तरांपासून सावध राहिले पाहिजे. पहिले उत्तर मानसशास्त्रीय आहे : पाहिलेले भीषण होते, म्हणून त्याने ते दडपले. चित्रांबाहेरच्या पुराव्याशिवाय असे निदान करणे हे समीक्षकाचे काम नव्हे. दुसरे उत्तर बाजाराचे आहे : भिंतीवर प्रेतांची रांग कोणी लावत नाही, म्हणून त्याने ती रंगविली नाही. यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. कारण कृपाल सिंग यांच्या बलिदानचित्रांच्या प्रतीही बाजारात खपल्या. हौतात्म्यालाही गिऱ्हाईक होते.

चित्रांतूनच मिळणारे तिसरे उत्तर असे की, सोभा सिंग यांनी आपल्या व्यवसायाचा अर्थ सोबतीचा लावला. घरात लावलेले चित्र दररोज दिसते. प्रदर्शनातले चित्र एकदा हादरवून सोडू शकते. भिंतीवरचे चित्र रोज हादरवू शकत नाही. त्याच्याबरोबर राहावे लागते. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांना चिनाब पुन्हा दिसणार नव्हती. त्यांच्या नव्या घरांतील भिंतीवर सोहनीच्या चित्रातून ती नदी राहिली. नानकांचे जन्मस्थान नानकाना साहिब सीमेपलीकडे गेले, त्यांचा आशीर्वादाचा हात मात्र अलीकडच्या घरात आला. या अर्थाने फाळणी या चित्रांत विषय म्हणून नाही, परंतु ती चित्रे पाहणाऱ्यांच्या आयुष्यात होती. चित्रकाराने हे जाणीवपूर्वक योजले होते असा दावा येथे नाही. चित्रांच्या स्वीकारातून त्यांचा जो अर्थ सिद्ध झाला, तो समीक्षेने नोंदविला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, दिलासा देणारी कला सत्यापासून पळ काढते. तो आक्षेप काही अंशी मान्य करावा लागतो. सोभा सिंग यांच्या गोडव्यात प्रश्न विरघळतात, हे सोहनीच्या संदर्भात वर नमूद केलेच आहे. परंतु गुजराल यांचा आक्रोश आणि सोभा सिंग यांचा दिलासा यांपैकी एकच खरा मानण्याचे कारण नाही. एकाने झालेल्या घटनेची साक्ष दिली, दुसऱ्याने घटनेनंतर जगणाऱ्यांना सोबत दिली. दोन्हींचे निकष वेगळे आहेत आणि एका निकषाने दुसऱ्याची परीक्षा करणे न्याय्य नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सोभा सिंग यांच्या चित्रशैलीची उभारणी कलाशाळेतील अभ्यासक्रमापेक्षा सैनिकी आरेखन आणि स्टुडिओचा व्यवसाय यांतून झाली. दुसऱ्यासाठी, प्रतींसाठी आणि निःसंदिग्ध वाचनासाठी काढलेली रेषा हे तिचे मूळ लक्षण होय.

२. या रेषेने त्यांना छपाईत टिकणारी, सर्व थरांतील प्रेक्षकांना उमजणारी रचना दिली. तिनेच त्यांच्या चित्रांतील अनेकार्थता कमी केली, स्त्रीप्रतिमा गोड केली आणि गुरूंच्या चेहऱ्याला एकाच नमुन्यात बांधले.

३. कलेतिहासातील त्यांची उपेक्षा हा चित्रांच्या परीक्षणातून आलेला निर्णय नसून संस्था आणि दप्तरे यांच्या अभावाचा परिणाम आहे. समवयस्क सन्याल यांच्याशी केलेल्या तुलनेतून हे दिसून येते.

४. 'व्यावसायिक' ही संज्ञा निर्मितीची आणि प्रसाराची रीत सांगते. ती गुणवत्तेचा निकष होऊ शकत नाही. तिचा उपयोग चित्राचे आकलन करण्यासाठी व्हावा, चित्र टाळण्यासाठी नव्हे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत आधुनिक भारतीय चित्रकला शिकविताना १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. त्याच काळात विद्यार्थ्यांच्या आजोबा-पणजोबांच्या घरांत कोणती चित्रे होती, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. तो विचारला, तर पंजाबातील अनेक घरांतून सोभा सिंग यांचे आणि महाराष्ट्रातील अनेक घरांतून मुळगावकरांचे नाव पुढे येईल. २२ ऑगस्ट १९८६ रोजी चंदीगड येथे सोभा सिंग यांचे निधन झाले. अंद्रेट्ट्याच्या कलादालनात त्यांची मूळ चित्रे जतन केलेली आहेत. परंतु त्यांचे खरे कलादालन अन्यत्र, घराघरांतील खिळ्यांवर पसरलेले आहे, आणि समीक्षेने अद्याप त्याचे सूचिपत्र तयार करावयाचे आहे.